आधी हात धुऊन ये

ऑगस्टमध्ये आमच्या झुगदिदीत
हवेलासुद्धा हेझलनटचा वास असतो.
अंगणभर वाळत घातलेलं पीक,
दारात पोती, पोत्यांवर मांजर,
आणि व्यापाऱ्याचा ट्रक आला की
वर्षाची शाळा, सरपण, छपराचा पत्रा
सगळं एकाच काट्यावर तोललं जातं.

संध्याकाळी बागेतून येतो
तेव्हा मी थेट घरात शिरत नाही.
शेडमागच्या नळावर
कोपरापर्यंत हात, साबण दोनदा,
नखांखाली ब्रश, मग दाढी, मग कानामागे.
शर्ट खिळ्याला. बूट बाहेर.
एवढं सोपस्कार झाल्यावर
एतेरी येऊन पोटाला मिठी मारते.
सात वर्षांची आहे.
तिला वाटतं, सगळेच बाप ओले असतात.

पहिली बी मीच दिली होती.
दाताखाली फोडली, गर चिमटीनं बारीक केला,
माझ्या बापानं मला दिला तसाच.
आमचं उष्टावणच म्हणा ना.
ती हसली.
मग ओठ.
मग गळ्यावर गांधी, मग खोकला,
आणि मग एकदम शांत झाली,
त्या शांततेचा आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो.
गाडी शेजारच्या बोंदोनं चालवली.
माझे हात थरथरत होते,
त्यांना अजून वास येत होता.

कुताइसीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
हेझलनट, अक्रोड, दोन्ही बंद.
बाकीचं तपासू, पण इथे, दवाखान्यात,
तुमच्या स्वयंपाकघरात प्रयोग नकोत.
मी विचारलं, थोडंसं?
त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

अक्रोड बंद म्हणजे काय, ते आमच्याकडे येऊन बघा.
वांग्याच्या पोटात अक्रोड,
पालकाच्या गोळ्यात अक्रोड,
कोंबडीवर अक्रोडाचा पांढरा रस्सा,
आणि द्राक्षाच्या चिकात बुडवलेली ती माळ,
पोरांच्या हातात कायम.
वर जेवणाला तमादा असतो,
एकेक प्याला उचलून देवाला, मेलेल्यांना, पाहुण्यांना आठवणारा.
त्याच्यासमोर ताट बाजूला सारायचं
म्हणजे त्याच्या सात पिढ्यांना नाही म्हणणं.

नोनाची मावशी अजून म्हणते,
एवढ्याशा घासानं काय होतंय,
आमच्या वेळी नव्हती ही थेरं.
मावशी, तुमच्या वेळीही होती.
तेव्हा त्याला दुसरं नाव होतं,
आणि लहानशी थडगी.

बारीहून लमारा दरवर्षी दोन पेनं पाठवते.
एक शाळेत, एक एतेरीच्या कमरेच्या पिशवीत.
फ्रिजमध्ये नाही, गाडीत उन्हात नाही.
मुदत संपलेल्या पेनानं
शाळेच्या खातुनाबाईंनी भोपळ्यावर सराव केला:
टोपण काढा, मांडीत बाहेरच्या बाजूनं रुतवा,
कपड्यावरून चालतं, दहापर्यंत मोजा, मग ११२.
पोरगी बरी दिसली तरी ११२.
आणि उठवून चालवू नका.
भोपळा अजून खिडकीत आहे,
सगळ्या वर्गानं त्याला नाव ठेवलंय, शोथा.

परवा बोंदोच्या मुलाचं लग्न.
चाळीस माणसं, वालिको तमादा,
हातात प्याला, तोंडात पुढचं वाक्य तयार,
तेवढ्यात एतेरीनं मोठ्यांदा विचारलं,
यात अक्रोड आहे का?

वालिकोनं प्याला खाली ठेवला.
बोंदोच्या बायकोकडे पाहिलं, तिनं सासूकडे.
म्हातारी म्हणाली, नाही, नाही, खा गं.
पण बोंदोची बायको म्हणाली,
मला माहीत नाही.
लाटणं, पळी, हात, सगळे एकच होते.
मला माहीत नाही, एतेरी, तू नको खाऊस.

या घरात असा पाहुणचार मी पहिल्यांदा पाहिला.
नोनानं डबा उघडला,
आमच्या घरचं घोमी, आमच्या घरचं चीज,
आणि वालिको पुन्हा उभा राहिला,
काय बोलला ते मला ऐकू आलं नाही,
मी डबा बघत होतो.

झुडपं तोडू या, असं मी एकदा नोनाला म्हणालो होतो.
ती म्हणाली, मग पेनं कशातून येतील?

रात्री खिळ्यावरचा शर्ट उतरवला, धुवायला.
नाकाशी धरला.
तीन पिढ्यांचं पोट त्या वासात.
चांगला वास आहे हो.
मग पुन्हा नळ सोडला,
नाकसुद्धा धुतलं.